इकाराचा लोप

कोबे,
पितृपक्षातली द्वितीया

प्रिय रुचा,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी घाबरली असशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते: सगळे जिवंत आहेत. एरवी मी पत्राचा आरंभ असा केला नसता, पण परवा संध्याकाळपासून या घरात त्या वाक्याला भलतंच वजन आलं आहे. का, ते सावकाश येईल. तुझ्या मावशीला मूळ शब्दापाशी पोचायला चार पानं लागतात हे तुला माहीत आहे. कॉलेजात संस्कृतला उरलेली तीन मुलं हे निमूट सोसतात, तूही सोस. फोन का केला नाही? कारण फोनवर तू नुसतं 'हं' म्हणतेस आणि त्या 'हं'चा अन्वय मला अजून लागलेला नाही. मेसेज वाचून गप्प बसायची सोय असते. कागदाचं बरं असतं, तो टेबलावर पडून राहतो आणि येताजाता माणसाकडे बघत राहतो. शिवाय कोबेहून इचिकावाला जायला शिनकान्सेन धरून अर्धा दिवससुद्धा लागत नाही, तरी तुम्हा मायलेकींना ते अंतर दोन वर्षांत कापता आलेलं नाही. म्हटलं, टपालखात्याला एक संधी द्यावी.

मी तुझ्या आईचं वकीलपत्र घेतलेलं नाही, हेही आधीच सांगते. तुमच्या भांडणात मी कोणाच्या बाजूची आहे हे तुला ठाऊक आहे आणि ताईलाही. म्हणूनच इथे आल्यापासून मला चहा अंमळ फिका मिळतो. पण न्यायाला धरून लिहायचं तर तिची हकीकतही लिहायला हवी. तुझं नाव या घरात निघत नाही. मात्र रोज सकाळी ताई चष्मा लावून मोबाइलवर इचिकावाचं हवामान मोठ्यांदा वाचते. "इचिकावात आज गार आहे." "इचिकावात दुपारनंतर पाऊस म्हणे." जणू इचिकावा ही आपली कोणी चुलतबहीण आहे आणि तिला सर्दीचा त्रास आहे. कोबेत छत्री न्यायची की नाही हे त्यावरून ठरत नाही, असं तुझ्या बाबांनी एकदा सुचवून पाहिलं म्हणे. पुन्हा सुचवलं नाही.

मी आले त्याच आठवड्यात माझ्याकडून एक आगळीक झाली. भाजी निवडता निवडता ताई म्हणाली, "तुला काय, तू एकटी. माझ्या घरात तो शब्द आला." तो शब्द ती असा खालच्या आवाजात उच्चारते की वाटावं, शेजारच्या जपान्यांना मराठी कळतं. घटस्फोट! आणि शब्द दिसला की माझ्यातली मास्तरीण जागी होते. मी म्हटलं, ताई, हा शब्द मुळात नवराबायकोचा नव्हेच. धर्मशास्त्रात घटस्फोट करतात ते घरचे लोक. कुळातलं कोणी वाळीत टाकायचं ठरलं की गावाबाहेर जमायचं, तो माणूस धडधाकट जिवंत असताना त्याच्या नावानं पाणी सोडायचं आणि पाण्याचा घट लाथेनं लवंडायचा. म्हणजे तो मेला. नवऱ्याला सोडणं हा अर्थ आपण फार नंतर त्या शब्दाला चिकटवला. ताईनं हातातली फरसबी खाली ठेवली आणि आत निघून गेली. रात्रीच्या जेवणात भाजी नव्हती. तेव्हा मला वाटलं, माझ्या पांडित्याचा तिला कंटाळा आला असेल. ती तुला दोन वर्षांपूर्वी फोनवर नेमकं काय म्हणाली होती, ते मला कुठे माहीत होतं? ते मी इथेच लिहिलं असतं, पण पुढे मला ते जपानीत लिहावंच लागणार आहे, तेव्हा थोडं थांब.

सारंगविषयी मी लिहिणार नाही असं ठरवलं होतं, तरी एक वाक्य लिहिते. ताईचं म्हणणं असं की मुलगा मारत नव्हता, पीत नव्हता, नागोयाहून दर रविवारी सासूला न चुकता फोन करत होता. घरात तो तुझ्याशी आठवडेच्या आठवडे बोलत नसे, हे तिला पटत नाही, कारण तिच्याशी तो तास तासभर बोलायचा. आता यावर कोणता नैयायिक काय करणार?

तर परवाची गोष्ट. सकाळी आपला गणपती प्लॅस्टिकच्या बादलीत विसर्जित झाला. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या लिन-सान दारात. तुला त्या आठवत असतील. मूळच्या चिनी, पण जन्मापासून कोबेकर, सत्तरीच्या, आणि ओल्या कचऱ्याच्या दिवशी सुका कचरा ठेवलात तर पिशवी उचलून पुन्हा तुमच्या दारात आणून ठेवणाऱ्या. त्या म्हणाल्या, आज आमचा चंद्राचा सण, संध्याकाळी या. मी हरखले. म्हटलं, ताई, ही तर यांची कोजागिरी! ताईनं कॅलेंडर काढलं. रुचा, मला खरोखर धक्का बसला. ज्या पौर्णिमेला अर्धं जग सहकुटुंब जमून चंद्राखाली गोड खातं, ती आपली भाद्रपदातली पौर्णिमा. कोजागिरी अजून महिनाभर लांब. आपल्याकडे त्या संध्याकाळी पितर दाराशी येऊन उभे राहतात. एकच चंद्र, एकच रात्र; त्यांच्याकडे घर भरायचं आणि आपल्याकडे गेलेल्यांची नावं घ्यायची. ताई म्हणाली, आज कोणाकडे गोडधोड खायला जायचं नसतं. बाबा म्हणाले, लिन-सानना नाही म्हणायचं धैर्य माझ्यात नाही, उद्या कचऱ्याचा दिवस आहे. गेलो.

त्यांच्या गॅलरीशी एक बुटकं टेबल मांडलेलं होतं. द्राक्षं, पेअर, आपल्या काशाच्या जातीचं पांढऱ्या तुऱ्यांचं गवत, ही जपान्यांची भर, आणि मधोमध वर नक्षी उठवलेला गोल, तुकतुकीत, तपकिरी केक. तो म्हणजे चंद्र. आतल्या भिंतीशी दुसरं छोटं टेबल, त्यावर लिन-सानच्या यजमानांचा फोटो आणि उदबत्ती. या दोन टेबलांकडे नीट लक्ष दे, सगळा खेळ त्यांच्यामधला आहे. आधी सशाची चर्चा झाली. चंद्रावर ससा आहे याबद्दल तिन्ही देशांचं एकमत निघालं. चिनी ससा तिथे बसून अमृताचं औषध कुटतो. जपानी ससा मोचीच्या लाडवांसाठी तांदूळ कुटतो. आपला शशांकातला ससा काय करतो, असं लिन-साननी विचारलं. मी आठवून आठवून पाहिलं आणि म्हटलं, काही नाही, नुसता बसलेला असतो. बाबांनी भाषांतर केलं, "सरकारी नोकरीत आहे." लिन-सान पहिल्यांदा हसल्या.

मग त्यांनी सणाची मूळ कथा सांगितली, आणि दुसरा धक्का बसला. हा सण म्हणे आधी राजांचा. पीक घरात आलं की शरदाच्या मध्यावर राजा चंद्राला नैवेद्य दाखवायचा. पण लोक सांगतात ती गोष्ट वेगळी. आकाशात दहा सूर्य उगवले होते, एका धनुर्धरानं त्यातले नऊ पाडले, त्याला बक्षीस म्हणून अमरत्वाचं औषध मिळालं, आणि त्याची बायको, तिचं नाव चांग-अ, ते स्वतःच पिऊन टाकून नवऱ्याला सोडून चंद्रावर निघून गेली. ताई इतका वेळ द्राक्षांकडे बघत होती. तिनं मान वर केली. मला म्हणाली, "निघून गेली? आणि हे तिची पूजा करतात?" बाबांनी हे भाषांतर न करण्याचा प्रयत्न केला, पण लिन-सानना सूर कळला. त्या म्हणाल्या, यात दोन पाठ आहेत. एकात ती हावरट, तिनं औषध चोरलं. दुसऱ्यात घरात चोर शिरला होता, त्याच्या हाती लागू नये म्हणून बिचारीनं पिऊन टाकलं. खरा कोणता, हे सांगणाऱ्यावर आहे. एक सासरी सांगतात, एक माहेरी. रुचा, आयुष्यभर पाठभेद शिकवले, पण त्यांचं इतकं नेमकं वर्गीकरण मी ऐकलेलं नव्हतं. पुढे नवऱ्यानं काय केलं, असं मी विचारलं. तर काही नाही. ती गेली त्या तिथीला तो दर वर्षी अंगणात टेबल मांडायचा, तिच्या आवडीची फळं आणि गोडाचं त्यावर ठेवायचा आणि वर बघत बसायचा. तो सण. ताईनं द्राक्षांकडे पुन्हा पाहिलं नाही.

मग लिन-साननी सुरी घेतली. या केकची रीत अशी की घरात जेवढी माणसं तेवढेच तुकडे, अगदी सारखे, कमी नाही की जास्त नाही. दूर गेलेलंही माणूस मोजायचं. त्यांनी आपला केक कापला, दोन मुलांचे तुकडे, एक योकोहामातल्या आणि एक कॅनडातल्या मुलाचा, वेगळ्या ताटल्यांत घालून गॅलरीपाशी ठेवले. एक तुकडा यजमानांच्या फोटोपुढे. मग आमच्यासाठी आणलेला दुसरा केक पुढे ओढून विचारलं, तुमच्या घरी किती? बाबा म्हणाले, तीन. सुरी टेकवता टेकवता त्या थांबल्या. म्हणाल्या, पूर्वी सुट्टीत एक मुलगी यायची ना? जिन्यात मला वाकून नमस्कार करायची, ती?

तुझे बाबा ऑफिसात सहा वर्षं नंदकिशोर-सान म्हणून मिरवतात, पण तिथलं कामकाज इंग्रजीत चालतं आणि त्यांना जपानी ऐकून कळतं, बोलता मात्र कोंबिनीच्या दुकानात बिल देण्यापुरतंच येतं, हे तुला वेगळं सांगायला नको. त्यातून प्रश्न अवघड. त्यांना म्हणायचं होतं, मुलगी आता इथे नसते. त्यासाठी त्यांच्या माहितीतला शब्द होता 'इनाकुनारिमाश्ता'. होती ती आता इथे नाही, अशा अर्थाचा. बाबांचा आवाज आधीच घशात अडकलेला, आणि सुरुवातीचा 'इ' तिथेच राहिला. उरलं ते 'नाकुनारिमाश्ता'. ते अजून शपथेवर सांगतात की आपण 'इ' म्हटला होता. असेल. बाहेर आला नाही. आणि तेवढा एक इकार गळला की त्याचा अर्थ होतो, मुलगी वारली.

लिन-सानचा चेहरा उतरला. त्यांनी दोन्ही हात जोडले, केकचे चार तुकडे केले, त्यातला एक ताटलीत घालून त्या उठल्या आणि ती ताटली यजमानांच्या फोटोशेजारी ठेवली. दुसरी उदबत्ती लावली. मला यातलं काडीचं कळलेलं नव्हतं. उलट मी खूश झाले की बघा, तिथी बरोबर जुळली! मी ताईला कोपरानं ढोसलं आणि म्हटलं, "बघ, अगदी आपल्यासारखंच. गेलेल्यांचा घास आधी काढून ठेवतात."

ताई पांढरीफटक पडली होती. आपल्याला जपानी येत नाही असं ती सगळ्यांना सांगते. पण इमारतीत कोणी म्हातारं गेलं की लिफ्टशेजारच्या फळ्यावर चिठ्ठी लागते आणि लिन-सान दार ठोठावून तोच शब्द सांगून जातात. तो एक शब्द तिला पाठ होता. ती अशी उठली की चहाचा पेला लवंडला. आणि तुझी आई, जिनं सहा वर्षांत जपानीत 'आरिगातो'च्या पुढे तोंड उघडलेलं नाही, ती ओरडली, "इकितेरु! मुसुमे इकितेरु!" जिवंत आहे, मुलगी जिवंत आहे. आणि मग मराठीत, लिन-सानना, जणू त्या सदाशिव पेठेतल्याच, "उचला ते! आधी उचला तिथून! माझी मुलगी जिवंत आहे हो!" बाबा जागच्या जागी थिजले. मीही. सांडलेला चहा टेबलावरून थेंब थेंब खाली पडत होता आणि तो कोणी पुसत नव्हतं. मला तेव्हा फरसबी आठवली, घट आठवला, आणि काय झालं होतं ते एकदम कळलं. तू फोनवर निर्णय सांगितलास तेव्हा ती तुला म्हणाली असणार, "आजपासून तू आम्हाला मेलीस." म्हणालीच होती, मी काल बाबांना विचारून खात्री करून घेतली. तिचंच वाक्य तिला परक्या भाषेत, अदबीनं, उदबत्तीसकट परत मिळालं.

लिन-सान आधी घाबरल्या, मग उमगल्या. छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "योकात्ता, योकात्ता." बरं झालं गं बाई, बरं झालं. उदबत्ती विझवली, ताटली फोटोपुढून उचलली आणि खोली ओलांडून गॅलरीपाशी नेऊन आपल्या दोन मुलांच्या ताटल्यांशेजारी ठेवली. गेलेल्यांच्या टेबलावरून गैरहजरांच्या टेबलावर. ताई ते अंतर डोळ्यांनी मोजत होती. मग ती मटकन खाली बसली आणि लिन-सानच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि बाबांना भाषांतर करायला सांगायचं धाडस कोणीच केलं नाही.

व्याकरणात 'लोप' म्हणून एक गोष्ट आहे, रुचा, तुला लहानपणी मी ती शिकवायचा प्रयत्न केला होता आणि तू पेन्सिल खाल्ली होतीस. लोप म्हणजे नाश नव्हे. लोप म्हणजे दिसेनासं होणं. प्रत्यय लुप्त झाला तरी त्याचं काम चालूच राहतं, शब्दाला वळण तोच देत असतो. रोज सकाळी इचिकावाचं हवामान वाचलं जात होतं, ते याच नियमानं.

काल सकाळी कचरा वेगळा करताना ताईनं मला विचारलं. मान वर न करता, बाटल्यांची बुचं काढत. "जया, तू ते घटाचं सांगत होतीस. लवंडल्यावर पुढे काही सांगितलंय का शास्त्रात? की संपलं?" मी म्हटलं, सांगितलं आहे. प्रायश्चित्त झालं की घरच्यांनी त्या माणसाबरोबर पवित्र जलाशयात स्नान करायचं आणि पाण्यानं भरलेला नवा घट सगळ्यांनी मिळून त्यात सोडायचा. की तो परत आपला. ती म्हणाली, "प्रायश्चित्त कोणी करायचं?" मी म्हटलं, शास्त्राप्रमाणे ज्याला टाकलं त्यानं. ती बराच वेळ एकच बूच फिरवत राहिली. मग म्हणाली, "शास्त्र लिहिणाऱ्याला मुलगी नसणार."

संध्याकाळी बाबा घरी आले तेव्हा ती त्यांना म्हणाली, आरिमाचं बुकिंग करा. रुचा, इथे तू पत्र खाली ठेवून पाणी पी. आरिमाचे गरम पाण्याचे झरे कोबेच्या डोंगरापलीकडे आहेत, सहा वर्षं तुझे बाबा चल म्हणतायत, आणि सहा वर्षं तुझी आई सांगते आहे की चार परक्या बायकांत विवस्त्र बसायला ती मेली तरी जाणार नाही, सरणावरसुद्धा माणूस नेसून जातो. तीच आई. पवित्र जलाशय जवळपास तोच आहे, असं तिनं स्वतः शोधून काढलं. तीन बायकांचं, तू, ती आणि मी. बाबा भिंतीपलीकडे. पितृपक्षात नको, असं तिचं म्हणणं, "ती जिवंत आहे." म्हणून कोजागिरीचा दिवस धरला आहे. शंभर येनच्या दुकानातून एक घटही आला. प्लॅस्टिकचा आहे, निळा. शास्त्रात मातीचाच हवा असं माझ्या तरी वाचनात नाही. तिथे पाण्यात टॉवेलसुद्धा बुडवू देत नाहीत, घट कुठून सोडू देणार? पण ही अडचण मी तिला अजून सांगितलेली नाही. प्रायश्चित्त कोण करतंय हे तुझ्या लक्षात आलं असेलच.

आणि आता हे पत्र का, ते. लिन-साननी निघताना तुझा तुकडा डब्यात घालून दिला. बाबांनी घरी येऊन केकच्या वेष्टनावरची अक्षरं लावली: आत खारवलेल्या अंड्याचा बलक आहे, तो चंद्र, आणि कवच डुकराच्या चरबीत मळलेलं. आम्ही तिघांनी आपापला तुकडा आधीच खाल्लेला होता, तेव्हा त्यावर न बोलायचं ठरलं. पण तुझा उरला होता. जिच्या फ्रीजमध्ये आजवर अंडं आलेलं नाही, ती तुझी आई तो डबा हातात धरून उभी होती. मी म्हटलं, ताई, टाकूया का? ती म्हणाली, "रुचाचं आहे. खायचं की नाही तिचं ती ठरवेल." ते ऐकून बाबा वर्तमानपत्रामागे गेले आणि तासभर एकच पान वाचत राहिले. मी इतकी वर्षं शब्द तपासत आले. या घरात 'तिचं ती ठरवेल' हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं, आणि ते तिनं केकबद्दल म्हटलं नव्हतं. डबा फ्रीजरमध्ये आहे, वर तुझं नाव चिकटवलेलं आहे. तुला फोन करायला ती तीनदा मोबाइल घेऊन बसली आणि तीनदा इचिकावाचं हवामान बघून उठली. म्हणून मी लिहिते आहे. कोजागिरीला तू येतेस का, एवढंच कळव. आणि या खेपेला 'हं' म्हणालीस तरी चालेल, त्याचा अन्वय ती लावेल.

तुझीच,
आणि पहिल्यांदाच तुझ्या आईच्याही बाजूची,
जयामावशी